हातमोजेवाल्याची जीभ

खेकडे घ्यायला रबरी हातमोजे घालून आलेलं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पत्र्यावर पाऊस वाजत होता, मासळीबाजार ऐन भरात होता, आणि हा उंच माणूस माझ्या टोपल्यांसमोर दोन्ही हात छातीशी धरून उभा. हात पिवळे. म्हणजे हातमोजे पिवळे.

"बघ गं, डॉक्टर आलाय," शेजारच्या ओट्यावर कोळंबी सोलणारी माझी आत्या म्हणाली. "खेकड्याचं ऑपरेशन करणार वाटतं."

सगळी रांग खिदळली. मी नाही हसले. गिऱ्हाइकाला हसायचं ते गेल्यावर, हे मला आत्यानंच शिकवलंय. पण ओठ आवळून धरावे लागले, एवढं खरं.

"बोला साहेब, कुठले देऊ?"

"कुठले कुठले आहेत?"

"हे हिरवट काळे, खाडीच्या चिखलातले. अंगानं जड, स्वभावानं तापट. हे पाठीवर तीन ठिपक्यांचे, समुद्रातले. कवच पातळ, मांस गोड. हे निळ्या नांग्यांचे, दिसायला राजबिंडे, पण दिसण्यावर जाऊ नका. आणि हे पाठीवर फुली मारलेले. रश्शाला बरे."

"आणि सगळ्यांत कडक चावणारा कुठला?"

"तो टोपलीत नाही," आत्या कोळंबीवरून नजर न काढता म्हणाली. "टोपलीच्या मागे बसलाय."

बाजारात मला सगळे नांगी म्हणतात ते काही उगीच नाही. भाव करणाऱ्याला मी उभा चिरते. पण हा भाव करेना. त्यानं सगळ्यात वर ठेवलेला मोठ्ठा खेकडा उचलला, उलटा केला, पोटाच्या कडेला अंगठ्यानं दाबलं आणि हलकेच परत ठेवला.

"हा पोकळ आहे. नुकतंच जुनं कवच टाकलेलं दिसतंय. आत पाणीच निघेल."

मला रागच आला, कारण बरोबर होतं. तो खेकडा मी मुद्दाम वर ठेवते. जो आकाराला भुलून तो मागतो, त्याला मी दुसरा देते आणि वर चार शब्द ऐकवते. तेवढीच करमणूक. आज करमणूक हुकली.

"कळतं वाटतं तुम्हाला!"

"थोडंफार." तो हसला. उजव्या गालाला खळी पडली... मी खेकड्यांकडे बघायला लागले.

तेवढ्यात त्यानं एका हाताचा मोजा काढून कपाळावरचं पावसाचं पाणी पुसलं आणि नेमका त्याच वेळी एका खेकड्याचा दोरा सुटला. बेटा ओट्यावरून खाली पडला आणि तिरका तिरका थेट त्याच्या चपलेकडे निघाला. चपलेतून अंगठा बाहेर. मी काही विचार केला नाही. ओल्या हातानं त्याचं उघडं मनगट धरलं आणि त्याला बाजूला ओढलं.

"अहो, अंगठा प्यारा आहे की नाही?"

तो आपल्या मनगटाकडे बघत राहिला. मीही बघितलं. जिथं जिथं माझी बोटं लागली होती, तिथं तिथं लालभडक चट्टे उठत होते. पाचही बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट.

"अगं बाई! एवढ्या जोरात धरलं मी?"

"तुम्ही नाही." त्यानं खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली. मग मान वाकवून, अगदी हळू म्हणाला, "तुमच्या हाताला लागलेला खेकडा. मला चालत नाही तो. हात लागला तर चट्टे, आणि पोटात गेला तर... श्वासच कोंडतो. पण कुणाला सांगू नका, पाया पडतो. मी स्वयंपाकी आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन एका पुरुषाचा हात धरला, आणि त्याच्या अंगावर पित्त उठलं! हसावं की रडावं तेच कळेना.

*

बंदराच्या वळणावर जी मोठी खानावळ आहे, तिथं तो भाज्या आणि सूप बघायचा. तिथले जुने आचारी गुडघ्यांपायी काम सोडत होते. त्यांची जागा कुणाला, ते मालकीणबाई येत्या रविवारी ठरवणार होत्या. आणि त्या खानावळीचं नाव एकाच पदार्थावर होतं. खेकड्यावर.

हे सगळं त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, बाजार उठल्यावर, मागच्या पायऱ्यांवर बसून. मी तेव्हा सरळ 'तू' वर आले होते. ज्याला आपल्यामुळे पित्त उठलं त्याला अहो-जाहो काय करायचं?

"मग सोडून दे ना. दुसरं काही रांध. खेकडाच कशाला?"

"मला तोच चांगला जमतो."

"चाखता येत नाही आणि जमतो?"

"वास येतो. रंग दिसतो. मांस कवचापासून कधी सुटतं ते हाताला कळतं. मीठ आणि आंबट, एवढंच अडतं." तो थांबला. "नाही जमलं तर मोठ्या भावाकडे जावं लागेल. त्याची बेकरी आहे. लांब, आत... समुद्र नाही तिथं."

"खेकडेही नाहीत. तुला बरंच की!"

"हो." त्यानं पायरीवरचं शेवाळ बोटानं खरवडलं. "खेकडे नाहीत, खेकडेवाली नाही..."

मी गप्प बसले. मी! आत्यानं बघितलं असतं तर पेढे वाटले असते.

"जीभ हवीय तुला," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे एक. सगळा बाजार ग्वाही देईल."

आणि तसं सुरू झालं. रोज दुपारी तो तोंडाला रुमाल बांधून, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून खेकडे रांधायचा आणि बाजार उठला की छोटे छोटे डबे घेऊन यायचा. मी पायरीवर मांडी घालून बसायची. पहिला घास मी तोंडात घातला की तो बघत बसायचा. असा एकटक, की चावायचं विसरायला व्हायचं. नांगी फोडताना, बोटं चोखताना, रस हनुवटीवरून ओघळताना मी काही देखणी दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण तो असा बघायचा, जणू माझ्या तोंडावर त्याचं नशीब लिहून येणार होतं.

"बोल ना..."

"थांब रे. घास तरी गिळू दे." मी मुद्दाम वेळ काढायची. "ह्यात मिरी एकटीच बडबडतेय. खेकडा बिचारा गप्प बसलाय."

"मिरी कमी. आणि मीठ?"

"चिमूटभर वाढव."

"आणि हा दुसरा?"

"हा... हा शहाणा आहे. कांदा गोड लागतो आधी, मग खेकडा येतो, आणि शेवटी कुठूनतरी लसूण डोकावतो. पण मांस किती मऊ राहिलंय! माझं असं का होत नाही?"

"कारण तू जीव जाईपर्यंत उकळतेस. कवच लाल झालं की लगेच उतरवायचं. आणि आधी बर्फात ठेवायचा, गुंगी येऊ द्यायची, म्हणजे तो घाबरून स्वतःच्या नांग्या टाकत नाही."

"अय्या, मी एवढी वर्षं विकतेय, आणि हा मला शिकवतोय!"

"तू मला चव सांग, मी तुला उकळणं सांगतो. फिटंफाट."

एकदा माझ्या टोपलीत दोन खेकडे एकमेकांवर चढून बसले होते. वरच्यानं खालचीला पायांत घट्ट धरलेलं, काही केल्या सोडेना. त्यानं विचारलं, "भांडतायत का?"

"छे. ती कवच टाकणार आहे. ते टाकलं की ती अगदी मऊ होते, कुणीही येऊन खाऊन जावं अशी. म्हणून तो तिला असं आधीपासून धरून ठेवतो. नवं कवच कडक होईपर्यंत राखण करतो."

"आणि मग?"

"मग काय, तेवढ्यात आम्ही धरून आणतो."

"तू फार निर्दयी आहेस."

"विकत नाहीये त्यांना," मी म्हटलं आणि टोपलीवर फडकं टाकलं. "संध्याकाळी खाडीत सोडणार आहे. आत्याला सांगू नकोस."

"मला सगळं ऐकू येतं," पलीकडून आत्या म्हणाली. "आणि दिसतंही. चाखणं चाललंय की बघण्याचा कार्यक्रम, तेवढं एकदा ठरवा. म्हणजे मी नवी साडी काढते."

माझे कान तापले. तो मात्र हसला. खळी पडली. आणि मी मनाशी कबूलच करून टाकलं की हा माणूस त्या बेकरीला गेला, तर मला ह्या ओट्यावर बसवणार नाही. आडून आडून काय बोलायचं! आवडला होता मला तो. फार आवडला होता. पण रविवारच्या आधी सांगितलं असतं तर त्याचं लक्ष उडालं असतं. आणि खरं सांगायचं तर... त्यानं आधी सांगावं, असंही वाटत होतं.

*

शनिवारी जोराचा पाऊस झाला, खाडी गढूळ होऊन फुगली आणि चिखलातला खेकडा एकाच्याही जाळ्यात आला नाही. मी डगमगले नाही. नांगी टाकणं माझ्या स्वभावातच नाही. तीन ठिपक्यांचे, समुद्रातले, एकेक हातात तोलून, पोट दाबून, जड जड असे निवडले. नरांच्या पोटावरचं झाकण टोकदार असतं, माद्यांचं गोल. त्याला मांस हवं होतं म्हणून सगळे नर. दोरे मी स्वतः बांधले. रविवारी उजाडताच तो पिवळे हातमोजे घालून आला आणि टोपली घेऊन गेला.

"येशील?" जाताना त्यानं विचारलं.

"गिऱ्हाइकं कोण बघणार? आता मीठ-मिरी सगळं पाठ आहे तुला. जा, जिंकून ये."

तो गेल्यावर आत्यानं नेहमीसारखे दोन खेकडे नुसत्या पाण्यात उकडून माझ्यापुढे ठेवले. त्याच तीन ठिपक्यांतले. मी नांगी फोडली, घास घेतला आणि तशीच थिजले.

त्यात मीठ घातलेलंच नव्हतं. तरी पुरेसं होतं.

आम्ही सगळा आठवडा चाखले होते खाडीतले खेकडे. निम्म्या गोड्या पाण्यातले. त्यांना बाहेरून मीठ लागतं. समुद्रातला स्वतःचं मीठ सोबत घेऊन येतो. आणि मी, खेकड्यांच्या टोपलीत वाढलेली बाई, नर-मादी बघत बसले, वजन बघत बसले, आणि हे विसरले! सगळा बाजार मला नांगी म्हणतो, आणि त्या दिवशी मी शुद्ध गाढव होते.

"आत्या, ओटा बघ!"

"अगं, कुठं निघालीस? निदान हात तरी धू!"

हात धुतले कुठे! पदर खोचला आणि भर पावसात धावत सुटले. बंदराच्या वळणावर चप्पल तुटली, ती तिथंच सोडली. खानावळीच्या मागच्या दारातून घुसले तेव्हा तो रुमाल बांधून, डोळ्यांतलं पाणी बाहीनं टिपत, पातेल्यासमोर उभा होता. रश्शाला केशरी तवंग आला होता. काय दिसत होता!

"मीठ घातलंस?"

"तू सांगितलं तेवढं. का?"

मी डावानं रस्सा तळहातावर घेतला. जीभ लावली.

"मेले रे! खारट झालाय. चूक माझी. समुद्रातले आहेत ते."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. त्यानं एकदा डोळे मिटले, उघडले, आणि हात चालू केले. निम्मा रस्सा काढून बाजूला. कवचं उकळलेलं, मीठ न घातलेलं पाणी दुसऱ्या शेगडीवर होतं, ते ओतलं. टोमॅटो चिरून टाकले. थोडं मांस वाटून घातलं, दाटपणाला. मी चाखत होते, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अजून खारट?"

"थोडं... अजून एक डाव घाल... हां. बस. थांब आता!"

आम्ही दोघंही धापा टाकत एकमेकांकडे बघून हसलो. तेव्हा मला ओट्यावर ठेवलेली गोळ्यांची पट्टी दिसली. शेजारी पाण्याचा पेला. आणि एक चमचा, वेगळा काढून ठेवलेला.

"हे काय?"

तो पातेलं ढवळत राहिला.

"अरे, विचारतेय काय हे?"

"ह्या घराची रीत आहे," तो म्हणाला. "जो रांधतो, तो मालकीणबाईंसमोर पहिला घास खातो. मग बाकीचे. मी गोळ्या आधीच घेतल्यात. एकच घास. थोडा वेळ उभं राहायचं, मग मागच्या दारानं..."

"आणि श्वास कोंडला तर?"

"नाही कोंडणार. बहुतेक."

"बहुतेक? मेलास तर मी काय करू?" हे इतक्या मोठ्यानं निघालं की पातेल्यावरचं झाकण हललं असेल.

तेवढ्यात दार उघडलं. मालकीणबाई आत आल्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात काठी, आणि नजर अशी की कोळंबी आपण होऊन सोलली जावी. त्या टेबलापाशी बसल्या. त्यानं बशी वाढली.

"आधी तू," त्या म्हणाल्या.

त्यानं चमचा उचलला. त्याचा हात स्थिर होता, हे मला अजून आठवतं. चमचा त्याच्या ओठांपाशी पोचला आणि मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि सरळ माझ्या तोंडात घातला.

बाईंची नजर चमच्यावरून माझ्याकडे वळली.

"ही कोण?" बाईंनी विचारलं. मला नव्हे, त्याला.

त्यानं तोंडावरचा रुमाल सोडला.

"बाई, मला खेकडा चालत नाही. खाल्ला तर जीव जाऊ शकतो. मी आजवर लपवलं, चुकलो. ह्या पातेल्यात रांधलंय ते माझ्या हातांनी, पण चाखलंय हिनं. आठवडाभर. ही..." तो अडखळला. मग माझ्याकडे बघून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "ही माझी जीभ आहे."

माझ्या तोंडात घास होता म्हणून बरं. नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे.

बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "बरं. मग जिभेनं बोलावं. कसं झालंय?"

आता बघा. त्याची नोकरी त्या बशीत होती. त्याची बेकरी, त्याचा समुद्र, आणि माझंही सगळं. 'छान झालंय' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्यानं एवढ्या दिवसांत माझ्या जिभेवर विश्वास टाकला तो ती खोटं बोलत नाही म्हणून. मी घास नीट गिळला.

"लिंबू कमी आहे," मी म्हटलं.

त्यानं डोळे विस्फारून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. कमी होतं तर होतं!

बाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. मग नांगी उचलली, दातांनी फोडली, आतलं मांस अख्खं बाहेर आलं तशी त्यांची भुवई थोडी वर गेली.

"लिंबूच कमी आहे," त्या म्हणाल्या. "आण."

त्यानं लिंबू पिळलं. बाईंनी बशी पुसून खाल्ली. काठी उचलून दाराशी गेल्या आणि वळल्या.

"उद्या खानावळ बंद. परवापासून हे पातेलं तुझं. आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर हीच काठी पाठीत घालीन." मग माझ्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाल्या, "हिनं रोज यायचं, ताटं बाहेर जायच्या आधी. ही जीभ आजच्यापुरती आहे, की कायमची?"

तो लाल झाला. ह्या खेपेला पित्त नव्हतं.

"कायमची," तो म्हणाला. "म्हणजे... तिनं हो म्हटलं तर."

"हो," मी म्हटलं. त्यानं अजून धड विचारलंही नव्हतं. पण मी काय भाव करत बसणारी आहे होय?

बाई गेल्या. तो एक पाऊल पुढे आला. मी दोन पावलं मागे सरकले, हात पाठीमागे घेऊन.

"खबरदार! हातांना खेकडा, तोंडात खेकडा. लांबूनच आनंदी हो."

*

दुसऱ्या दिवशी बाजारही बंद होता. मी एकाही टोपलीला हात लावला नाही. आत्यानं खेकडे उकडले तर मी वरणभातावर भागवलं, तेव्हा आत्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मी लिंबाच्या सालीनं बोटं घासली, नखं घासली, कोपरापर्यंत साबण लावला. दात इतके घासले की हिरड्या चुरचुरल्या. मग कपाटातला धुतलेला निळा ड्रेस घातला, ज्याला समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

"मी साडी काढू का आता?" आत्यानं विचारलं.

"काढ," मी म्हटलं. आणि तिच्या हातातली कोळंबी खाली पडली.

तो मागच्या पायऱ्यांवर बसला होता. पाऊस नुकता थांबला होता, पायऱ्या ओल्या होत्या. त्याच्या हातांत हातमोजे नव्हते. मला त्याचे उघडे हात बघायची सवय नव्हती, मीच लाजले.

"दाखव मनगट," मी म्हटलं.

त्यानं हात पुढे केला. मी तो धरला. तसाच, पाचही बोटांनी. आणि आम्ही दोघं खाली माना घालून मनगटाकडे बघत बसलो. वाट बघत... त्याची नाडी माझ्या बोटांखाली पळत होती.

काही उठलं नाही. मी बोटं काढून बघितलं. साधं, स्वच्छ मनगट. मी परत धरलं, ह्या वेळी बघायला म्हणून नाही.

"खेकडा कधी खाल्लास शेवटचा?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझ्या रश्शातला. त्यानंतर नाही. आणि दात घासलेत. हिरड्या सोलवटल्यात तुझ्यापायी."

"माझ्यापायी?"

"नाही, बाईंच्या काठीपायी! किती प्रश्न विचारतोस रे..."

मग त्यानं प्रश्न विचारले नाहीत. त्याच्या ओठांना पावसाची आणि वेलचीची चव होती. एवढे दिवस मी त्याच्यासाठी चाखत आले होते, पण डोळे मिटून चाखायची ही पहिलीच वेळ. पायऱ्यांवरच्या आमच्या खोलीच्या खिडकीतून कुणीतरी खाकरलं. आत्या. आम्ही लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळानं तो मागे सरला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. तसाच, एकटक.

"बोल ना," तो म्हणाला. "कसं झालंय?"

मी वेळ घेतला. नेहमीसारखाच. ओठांवरून जीभ फिरवली, मान जरा तिरकी केली.

"लिंबू कमी आहे," मी म्हटलं. "पुन्हा चाखावं लागेल."